पुढील स्टेशन : ग्रिंजी सिटी

गेल्या धाग्यात आपण अंबरनाथच्या शिवमंदिराचा शके 982चा शिलालेख पाहिला. आजचे साधन त्याहून पुष्कळ अर्वाचीन आहे आणि, मान्य करतो, पुष्कळ थिल्लरही आहे : ऑक्टोबर 1997 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर प्रथम दाखवलेला ‘पोकेमॉन’ मालिकेचा तिसावा भाग. हे वाचून ज्यांची भुवई वर गेली असेल त्यांनी ती थोडा वेळ तशीच राहू द्यावी. धागा लांब आहे, चहा जवळ असू द्या.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कल्याण-डोंबिवलीच्या गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास जो कोणी लिहील, त्याने हा वीस-बावीस मिनिटांचा विनोदी भाग एकदा तरी पाहावा. त्यात डोंबिवली अर्थातच नाही. पण ज्या परिस्थितीत आम्ही वाढलो ती परिस्थिती दुसऱ्या एका समाजाने कशी हसण्यावारी नेली, आणि ती हसण्यावारी नेण्याआधी त्या समाजाने काय केले होते, हे त्यातून कळते. आपण त्यांच्याकडून हसणे तेवढे उचलले.

प्रथम साक्षीदाराची साक्ष, म्हणजे माझी. ही मालिका आपल्याकडे 2003 साली कार्टून नेटवर्कवर आली आणि पुढे कितीतरी वर्षे पुन:पुन्हा दाखवली गेली. मी पहिली-दुसरीत असताना, म्हणजे 2006-07च्या सुमारास, शाळेतून आल्यावर हिंदी आवाजातला पिकाचू हा आमच्या इमारतीतल्या समस्त मुलांचा नित्यनेम होता. एके दिवशी पडद्यावर एक काळवंडलेले औद्योगिक शहर आले. धुरांडी, गंजलेले नळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या शहराची वीज गेली. आणि त्याच मिनिटाला आमचीही गेली.

यात चमत्कार काही नव्हता. वेळापत्रकाप्रमाणे ती जायचीच होती. पण सात वर्षांच्या मुलाला वाटले की चित्रातल्या शहराची आणि आपली तार एकच आहे. आई म्हणाली, ‘‘ये गॅलरीत, आत उकडतंय.’’ गॅलरीत हवा होती, पण तिला एमआयडीसीचा तो वास होता. डोंबिवली पूर्वेच्या लोकांना त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही आणि इतरांना ते करून सांगता येत नाही. त्या भागाचा शेवट मी पाहिला तो थेट 2020च्या टाळेबंदीत.

कथा थोडक्यात अशी. अ‍ॅश, मिस्टी आणि ब्रॉक हे तिघे ग्रिंजी सिटी नावाच्या शहरात पोहोचतात. हे शहर मूळ खेळात नाही, मालिकेसाठी नव्याने रचलेले आहे. पिकाचूची तब्येत बिघडलेली, सर्दी झाल्यासारखी, आणि गालांतून ठिणग्या उडताहेत. त्याला पोकेमॉनच्या दवाखान्यात नेतात तर तिथे वीज जाते आणि आतले अत्यवस्थ रुग्ण धोक्यात येतात. विद्युत केंद्राकडे धाव घेतल्यावर कळते की समुद्राचे पाणी आत घेणारा मार्ग ग्रायमर नावाच्या गाळाच्या प्राण्यांनी तुंबवून टाकला आहे आणि त्यांचा म्होरक्या मक नावाचा एक प्रचंड चिखलगोळा आहे. मधल्या मध्ये मॅग्नेमाइट नावाचा एक लोहचुंबकी प्राणी पिकाचूच्या प्रेमात पडतो. शेवटी त्याचे सगे मदतीला येतात, विजेचे झटके बसून ग्रायमर हटतात, अ‍ॅश मकला चेंडूत बंद करतो. त्या चेंडूतूनही मकची दुर्गंधी येत राहते. अंगातली जादा वीज उतरल्यावर पिकाचू बरा होतो आणि मॅग्नेमाइटचे प्रेम आटते. त्याला पिकाचू नव्हे, त्याच्यातली ठिणगी आवडली होती. (जपानी शीर्षकातही फिलिप के. डिक यांच्या यंत्रमानवांवरील 1968च्या कादंबरीच्या नावावर कोटी आहे. लिहिणाऱ्यांनी वाचन केलेले होते.)

अशा भागांना मालिकेचे भक्त ‘भरतीचे भाग’ म्हणतात. मुख्य कथानक तसूभर पुढे सरकत नाही, बिल्ला मिळत नाही, स्पर्धा जवळ येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशाच मजकुराकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. बखरकार राजाचे पराक्रम लिहिताना सावध असतो. धान्याचा भाव, ओढ्याचे पाणी, वाटेतले गाव हे तो बेसावधपणे लिहून जातो आणि आपल्या कामाचे बहुधा तेच असते. भरतीच्या भागांतही लेखकांनी पार्श्वभूमी म्हणून जे सहज काढले त्यात त्या समाजाला काय नेहमीचे वाटत होते ते उतरते. ग्रिंजी सिटीतले काळे पाणी हे असेच सहज काढलेले आहे.

पाणी आत घेणारे नळ तुंबून वीज जाणे ही कल्पनाही वाटते तितकी अद्भुत नाही. समुद्रकाठची औष्णिक व अणुविद्युत केंद्रे यंत्रे थंड ठेवण्यासाठी प्रचंड प्रमाणात समुद्राचे पाणी ओढतात. त्या मार्गात जेलीफिशचे थवे अडकून केंद्रे मंदावण्याचे किंवा बंद पडण्याचे प्रकार टोकियोच्या उपसागरात साठच्या दशकापासून नोंदले गेले आहेत. आपल्याकडे कल्पाक्कमलाही हा त्रास झालेला आहे. डिसेंबर 1999 मध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाचा मोठा भाग जेलीफिशमुळे अंधारात गेला, तेव्हा लोकांना आधी लष्करी उठाव झाल्याची शंका आली होती. ग्रायमर हा जेलीफिशचा थोडासा चिकट चुलतभाऊ समजा.

आमच्या अंधाराचे कारण मात्र प्राणिसृष्टीत नव्हते. मुलुंडच्या अलीकडे-पलीकडे जो फरक आम्ही लहानपणी अनुभवला तो विजेच्या कंपन्यांचा होता. मुंबई शहराला बेस्ट आणि टाटा, उपनगरांना तेव्हा रिलायन्स. आणि मुलुंड, ठाणे, कल्याण, डोंबिवली हे सारे राज्य वीज मंडळाकडे, जे जून 2005 मध्ये विभागले जाऊन वितरणाचे काम ‘महावितरण’कडे आले. राज्यात मागणी वाढत होती, नवी निर्मिती त्या वेगाने होत नव्हती, आणि जिच्यावर एवढा मोठा डाव लावला होता ती दाभोळची वीज 2001च्या मे महिन्यातच बंद पडली होती. त्या तुटवड्याचा हिशेब आमच्यासारख्यांच्या संध्याकाळींतून वसूल होत होता. पिकाचूच्या गालांतली वीज वाया जाते आहे हे पाहून आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी ‘‘ह्याला महावितरणात घ्या’’ असे म्हटल्याचे आठवते. विनोद फार उच्च नव्हता, पण सगळे हसले होते. काळोखात विनोदाची इयत्ता कोणी पाहत नाही.

आता मूळ मुद्दा. हा मक आला कुठून?

त्याच्या वंशावळीत एक थोर पूर्वज आहे. 24 जुलै 1971 रोजी जपानमध्ये ‘गॉडझिला विरुद्ध हेडोरा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. हेडोरा हा समुद्रातल्या घाणीतून वाढलेला राक्षस. त्याचे नाव ‘हेडोरो’ या जपानी शब्दावरून आले आहे. अर्थ : तळाशी साचलेला चिकट, दुर्गंधी गाळ. फुजी शहराजवळच्या तागोनोउरा बंदरात कागद कारखान्यांच्या सांडपाण्याने असा गाळ साचला होता आणि 1970च्या सुमारास हा शब्द जपानी वृत्तपत्रांत रोज छापून येत होता. हेडोरा मुलांच्या चित्रपटातला राक्षस असला तरी तो गोड नव्हता. तो उडत जायचा आणि त्याच्या वाटेतली माणसे मरून पडायची. तो चित्रपट संतापलेला आहे, विस्कळीत आहे आणि जागोजागी भेसूर आहे.

संताप कशाचा? मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याने पाऱ्याचे संयुग खाडीत सोडले, ते माशांतून माणसांत गेले. 1956 मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली आणि कारखान्याने ते सोडणे थांबवले 1968 मध्ये. योक्काइची शहरात पेट्रोरसायन संकुलाच्या धुराने माणसे दम्याने घुसमटू लागली. तोयामात कॅडमियमने हाडे ठिसूळ झाली. निगातात पुन्हा पारा. या चार प्रकरणांना जपानी माणूस ‘चार मोठे प्रदूषण रोग’ म्हणूनच ओळखतो. 1970च्या अखेरीस त्यांच्या संसदेच्या एका अधिवेशनाला ‘प्रदूषण अधिवेशन’ हे नाव पडले. त्यात एकदम चौदा कायदे संमत झाले किंवा सुधारले गेले. 1971 मध्ये पर्यावरणासाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा उभी राहिली. 1971 ते 1973 या काळात चारही खटल्यांचे निकाल आजारी माणसांच्या बाजूने लागले.

यांतला योक्काइचीचा निकाल आपण डोंबिवलीकरांनी पाठ करावा असा आहे. नऊ रहिवाशांनी 1967 मध्ये सहा कंपन्यांवर दावा लावला. कंपन्यांचा बचाव सोपा होता : सगळ्यांचा धूर एका आकाशात मिसळतो, मग या माणसाचा दमा माझ्या धुरामुळे झाला हे सिद्ध करा. न्यायालयाने ते ऐकले नाही. या कंपन्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, धूर एकत्र सोडतात, तर जबाबदारीही एकत्र घ्यावी, असे त्याने ठरवले. निकालाची तारीख 24 जुलै 1972, म्हणजे हेडोरा पडद्यावर आल्याला बरोबर एक वर्ष. योगायोगच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा योगायोगांवर थोडे रेंगाळण्याची सवलत असावी.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी मक येतो. त्याच गाळाचा, त्याच दुर्गंधीचा, पण आता त्याला मोठे डोळे आहेत, तो गळ्यात पडतो. पुढच्या भागांत प्राध्यापक ओक यांच्यावर त्याचे इतके प्रेम बसते की त्यांना मिठीखाली गाडून टाकणे हा मालिकेतला कायमचा विनोद होतो. ज्या समाजाने हेडोराला भ्यायचे ते भिऊन घेतले, खटले लढले, निकाल मिळवले, समुद्र काही अंशी तरी साफ केला, त्याच समाजाला मकला मिठी मारू देणे परवडते. (याच काळात जपानी उद्योगांनी आपली घाणेरडी कामे आशियातल्या इतर देशांत हलवली, हा आरोप सत्तरच्या दशकात जपानी कार्यकर्त्यांनीच केला होता. तेव्हा साफसफाई सगळीच्या सगळी घरातच झाली असे समजू नये.) मालिकेच्या जन्मकथेतही हेच अंतर आहे. मूळ खेळाचे निर्माते सातोशी ताजिरी टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा उपनगरात वाढले, किडे गोळा करत. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथली शेते आणि तळी बुजून इमारती आल्या. 1996च्या त्या खेळात प्राणी ‘पकडण्याची’ कल्पना आली ती या गमावलेल्या किड्यांमधून. म्हणजे मुळात ही एका उपनगरी मुलाची हळहळ आहे, जी नंतर खेळण्यांच्या दुकानात पोहोचली.

आणि ती आमच्याकडे आली तेव्हा आमचे काय चालले होते?

मराठीत ‘गाळ’ हा मुळात वाईट शब्द नाही. पूर ओसरला की नदीकाठच्या गाळात पेरतात, गाळपेर म्हणतात. तळ्यातला गाळ काढून शेतात टाकतात. उल्हास खाडीच्या काठच्या आगरी-कोळी गावांना खाजणातला चिखल म्हणजे चिंबोऱ्या, निवट्या, मिठागरे आणि खाऱ्या जमिनीतला भात. आमच्या नाल्यांत जे साचते त्याला वेगळा शब्द आपण अजून घडवलेला नाही, हे मला फार सूचक वाटते. जपान्यांनी ‘हेडोरो’ला दूषण म्हणून वापरात आणले आणि पुढे त्याचा राक्षस केला. आपण अजूनही ‘नाल्यातला गाळ काढला’ अशी बातमी वाचतो, जणू तो शेतातच टाकणार आहेत.

साठच्या दशकात आलेली डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, अंबरनाथ-उल्हासनगरातून काळी होऊन कल्याणला येणारी वालधुनी आणि या सगळ्यांना पोटात घेणारी उल्हास खाडी, यांचा लेखाजोखा इथे मांडत नाही, त्याला स्वतंत्र धागा लागेल. काही तारखा पुरेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिगंभीर. डोंबिवलीचे गुण 78.41. माझ्या दहावीच्या गुणांशी याची तुलना घरात होते, ती इथे नको. जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनातून वायू होऊन उल्हासनगरात शेकडो माणसे रुग्णालयात. 26 मे 2016 रोजी एमआयडीसीतल्या कारखान्यात स्फोट, 12 मृत्यू, दीडशेच्या आसपास जखमी. आमच्या खिडकीची काच त्या दिवशी मी पुसत होतो असे सांगितले तर नाटकी वाटेल. मी झोपलो होतो, आईने काचा गोळा केल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये गुलाबी रस्ता. 23 मे 2024 रोजी दुपारी पुन्हा स्फोट, पुन्हा दहाहून अधिक मृत्यू.

हिरव्या पावसावर आणि गुलाबी रस्त्यावर किती विनोद झाले आठवते का? मी स्वतः दोन केले होते. होळी, रंगपंचमी, बॉलीवूडचा सेट, काय वाट्टेल ते. मला त्या हसण्याची लाज वाटत नाही. रोज तोच वास घेणाऱ्या माणसाने हसूही नये असे म्हणणारा माणूस बहुधा घाटकोपरच्या पलीकडे राहतो. मला खटकते ते क्रमाचे. जपानमध्ये आधी आजारी माणूस, मग भेसूर राक्षस, मग खटला, मग निकाल आणि पंचवीस वर्षांनी मक. आमच्याकडे मक आधीच आला, हिंदीत बोलत आला, आणि मधले सगळे राहून गेले.

इथे एक सोपे उत्तर हाताशी येते आणि ते चुकीचे आहे : त्यांच्याकडे कायदे होते, आपल्याकडे नव्हते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 मध्ये केला, केंद्राच्या 1974च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 7 सप्टेंबर 1970 रोजी स्थापन झाले. म्हणजे जपानचे ते प्रसिद्ध अधिवेशन भरले तेव्हा आपले मंडळ काही महिन्यांचे झालेले होते. भोपाळनंतर 1986चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात असे सांगितले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही. कागदावर हे योक्काइचीच्याही पुढचे आहे. उल्हास नदीसाठी ‘वनशक्ती’ ही संस्था हरित लवादाकडे गेली, दंडाचे आदेशही झाले. तेव्हा आपण मागे होतो असे म्हणता येत नाही.

मग उणीव कुठे? माझे मत असे की योक्काइचीत वादी म्हणून नऊ माणसे होती. त्यांना नावे होती, वय होते, घराचा पत्ता होता, दम्याचा पहिला झटका कधी आला ती तारीख होती. आणि त्यांच्या मागे वस्तीनिहाय आजारांची मोजणी करणारे डॉक्टर होते. आपल्याकडच्या प्रकरणांत वादी बहुतेक वेळा ‘रहिवासी’ असतात. हिरवा पाऊस ‘डोंबिवलीवर’ पडतो. वास ‘नागरिकांना’ येतो. गाळ जसा कोणाचा नसतो तसाच त्याचा त्रासही कोणाचा नसतो. ग्रिंजी सिटीतही नेमके हेच आहे : धुरांडी आहेत, पण कोणत्याही धुरांड्याला मालक नाही. जपानी प्रेक्षकाला ते नाव सांगायची गरज नव्हती, त्याने ती नावे शाळेच्या पुस्तकात वाचली होती. आम्ही ते निनावी शहर पाहिले आणि आमच्या निनावी शहराशी ते तंतोतंत जुळले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी टाळत नाही. कारखाने आधी आले, वस्ती नंतर त्यांच्या अंगावर चढली. यात तथ्य आहे. साठच्या दशकात डोंबिवली हे छोटे गाव होते. आज कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 2011च्या जनगणनेनुसारच सुमारे साडेबारा लाख आहे, प्रत्यक्षात किती ते सकाळची 8.14 पकडणाऱ्याला विचारा. आणि कारखान्यांत काम करणारीही माणसेच आहेत, 2016 आणि 2024 मध्ये मेलेल्यांत ती होती. पण ‘आधी कोण’ हा वाद जितका रंगतो तितका ‘नाल्यात काय’ हा रंगत नाही, आणि त्यामुळे कोणाची सोय होते ते उघड आहे. माझ्या वडिलांनी नव्वदीत परवडले म्हणून इथे घर घेतले. परवडले म्हणून घेतलेल्या घराला हवा मागण्याचा हक्क राहत नाही, असे कोणत्या करारात लिहिले आहे?

दुसरा मुद्दा मकला चेंडूत भरून धाडून देण्याचा. मालिकेत मक इतका घाण वास मारतो की अ‍ॅश त्याला बरोबर फिरवत नाही, त्याची पाठवणी प्राध्यापक ओक यांच्याकडे होते. लहानपणी हे मला अतिशय समंजस वाटले होते. आता आमच्याकडे धोकादायक कारखाने अन्यत्र हलवण्याची घोषणा 2024च्या स्फोटानंतर झाली, त्याआधीही झाली होती, आणि ‘अन्यत्र’ म्हणून रायगडातल्या पाताळगंगेचे नाव चर्चेत आले. पाताळगंगा हीसुद्धा नदीच आहे. तिच्याही काठी गावे आहेत, तिच्याही खाडीत मासे आहेत. सत्तरच्या दशकातल्या जपानी कार्यकर्त्यांनी आपल्या सरकारला जो प्रश्न विचारला होता तोच आम्हाला पाताळगंगेकाठचे लोक विचारतील, आणि तेव्हा आम्ही चेंडू फेकणाऱ्याच्या बाजूला उभे असू. कारखाना हलवण्याला माझा सरसकट विरोध नाही, रिॲक्टर शाळेच्या भिंतीला लागून नसावा एवढे मलाही कळते. पण सांडपाणी शुद्ध न करता नुसता पत्ता बदलणे ही ओककाकांकडे पाठवणी झाली.

जाता जाता एक कबुली. पहिल्या पिढीचे 151 पोकेमॉन मी आजही क्रमाने म्हणून दाखवतो, घरच्यांनी ऐकायचे सोडले आहे. चिखलावर उड्या मारणारा निवटी मी पहिल्यांदा ओळखला तो एम. ए.च्या पहिल्या वर्षी, मोठागावच्या रेतीबंदरावर, तोही एका आगरी आजोबांनी बोट दाखवल्यावर. मडकिप नावाच्या पोकेमॉनच्या नावात ज्या माशाचे इंग्रजी नाव लपलेले आहे, तोच हा. तो माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर राहत होता आणि मला ठाऊक होता त्याचा जपानी सावत्रभाऊ. आजोबा म्हणाले, ‘‘पूर्वी टोपलीभर यायच्या रे बाला, आता खायला भीती वाटते.’’ मी वहीत लिहून घेतले आणि मग लक्षात आले की योक्काइचीच्या दाव्यात अशाच वाक्यांना पुढे तारीख आणि पत्ता जोडला गेला होता. मी तारीख लिहिली. पत्ता विचारायला दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तर विनंती अशी. तुमच्या घरी वासाच्या, नाल्याच्या, काच फुटल्याच्या तक्रारीची जुनी प्रत असेल, सोसायटीच्या इतिवृत्तात नोंद असेल, दवाखान्याच्या फाइलीत डॉक्टरांनी ‘एमआयडीसी परिसर’ असे काही लिहिले असेल, तर ती टाकू नका. कागदाचा फोटो काढून तारीख दिसेल असा ठेवा, मागच्या बाजूला कोणाचा आहे ते लिहा. 1990च्या आधीचे काही असेल तर मला निरोप पाठवा, मी पाहायला येईन. नावे तुमच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाहीत. मोठागाव, आजदे, सोनारपाडा, खंबाळपाडा इथल्या वाचकांकडून विशेष अपेक्षा आहे.

आणि ज्यांना तो भाग पाहायचा आहे त्यांनी पाहावा. मॅग्नेमाइटचे प्रकरण अजूनही खरोखर मजेदार आहे. पुढचा धागा कल्याण बंदराचा, कान्हेरीच्या दानलेखांतल्या कल्याणच्या दात्यांपासून सुरू करू.